कवा होतंय ते सांगा

आमचे मेस्त्री बॉनेट उघडायला वेळ लावतात. नवं गिऱ्हाईक या वेळात चुळबुळ करायला लागतं. बिचाऱ्यानं गाडी दोरीनं ओढत कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत आणलेली असते आणि समोरचा माणूस बोळ्याला हात पुसत नुसताच विचारतो, “गार असताना व्हतंय, का तापल्यावर?” उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न. चढाला का सपाटीला? टाकीत पेट्रोल किती हुतं? पाऊस हुता का? बंद पडताना आचके दिले, का एकदम गप? परत चालू किती वेळानं झाली? धड उत्तरं मिळाली तर कित्येकदा कुठला पाना लागणार ते उभ्या उभ्याच ठरतं. मिळाली नाहीत तर ते गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवतात. “कवा होतंय ते नीट बगून या. काय झालंय ते मी सांगतो.”

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, १९८० च्या दशकातली. आण्णांनी घेतलेली, आता मी चालवते. घरात आणि गल्लीत तिला फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरांतून बरीच हळहळ छापून आली होती. मला असल्या हळहळीत फारसा रस नाही. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून घ्यायची, वर पर्यावरण कर भरायचा, तो काही गाडी दारात उभी करून फोटो काढण्यासाठी नव्हे. ती चालली पाहिजे, आणि चालवायची तर तिचं दुखणं ओळखता आलं पाहिजे. ते ओळखायला मी मेस्त्रींच्या प्रश्नांतून शिकले.

“तापल्यावर बंद पडते” ही जुन्या पेट्रोल गाडीची सगळ्यात फसवी तक्रार. गाडी तास-दीड तास मस्त चालते, मग थांबते ती थांबतेच. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजला नेईपर्यंत ती गार झालेली असते, त्यामुळे तिथं काहीच सापडत नाही. मग अंदाजानं पार्ट बदलणं सुरू होतं. आमच्या गाडीचं हेच झालं. परगावच्या एका गॅरेजात तिचा पेट्रोल पंप बदलला, कॉइल बदलली, प्लगचा सेटही नवा बसवला. बिल घेऊन निघालो आणि आंबा घाटाच्या चढाला, मे महिन्याच्या दुपारी, ती परत बसली. साखरप्याकडून वर येताना घाट अंगावर येतो. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकानं एकच निदान केलं: पेट्रोलची वाफ झाली, ओलं फडकं टाका.

हे निदान चुकीचं असतं असं नाही. या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. आपल्याकडे त्याला एसी पंप म्हणतात. टाकी पार मागं, डिकीच्या बाजूला, आणि पंप पुढं तापलेल्या लोखंडाला चिकटून. इंजिनाच्या उष्णतेनं पंपात नाहीतर नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंपाचा पडदा नुसताच वरखाली होतो. द्रव ओढायला केलेली वस्तू वाफ ढकलू शकत नाही. ओलं फडकं टाकलं की वाफेचं परत पेट्रोल होतं आणि गाडी चालू होते. जुने ड्रायव्हर उन्हाळ्यात असं फडकं सीटखाली ठेवूनच निघायचे.

पण तापल्यावर बंद पडायला आणखी दोन कारणं असतात आणि ती पेट्रोलची नाहीत, करंटची आहेत. डेल्को म्हणजे एकेका प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणारा डबा. त्याच्या आत पॉइंट असतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फटीनं उघडमीट करणारे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत हे पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतात, म्हणजे सेकंदाला शंभरदा. प्रत्येक वेळी उघडताना कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच प्लगला लागणारा हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. प्रवाह झटकन तुटावा, पॉइंटवरच ठिणगी पडून तो रेंगाळू नये, यासाठी शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो म्हातारा झाला की गार असताना काम करतो आणि तापला की हात वर करतो. कॉइलच्या आतल्या तारांवरचा लेप कमजोर झाला तरी हेच.

वाफ, कंडेन्सर, कॉइल, तिघांचं वागणं बाहेरून सारखंच. फरक कळतो तो बंद पडण्याच्या क्षणी. पेट्रोल कमी पडून गाडी थांबते तेव्हा ती आधी आचके देते, पिकअप जातो, जरा सावरते, परत आचके. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल ती पुरवून पुरवून वापरत असते. करंट गेला तर चावी फिरवून बंद करावी तशी एकदम बंद. मेस्त्रींचा “आचके दिले का?” हा प्रश्न म्हणूनच सुरुवातीला येतो.

आमची एकदम बंद पडली होती. रस्त्याच्या कडेला चाकांना दगड लावले, कॉइलवरून डेल्कोच्या टोपीत जाणारी मधली वायर उपसली, रबरी मुठीच्या पकडीनं तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोडं दूर धरलं आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं. चट्‌चट् आवाज करणारी जाड निळी ठिणगी आली की करंट ठीक. आमची आली ती बारीक आणि पिवळी, तीही मधूनच. म्हणजे ओल्या फडक्याचा काही उपयोग नव्हता. (हे बघायचं ते पेट्रोलची नळी सोडवायच्या आधी. आधी ठिणगी, मग पेट्रोल. उलट्या क्रमानं केलं तर गाडीची तक्रार कायमची मिटेल.) कॉइल नवी होती, राहिला कंडेन्सर. तीन पार्टांच्या बिलात नसलेला, सगळ्यांत स्वस्त पार्ट. डिकीत जुना पडला होता, तो अडकवून कोल्हापूर गाठलं.

मेस्त्री या चौकशीचे पैसे घेत नाहीत. पाना लागला तर मजुरी, नुसतं बोलणं झालं तर चहा. हे मला पटत नाही. पंप बदलायला जेवढी अक्कल लागते त्यापेक्षा तो न बदलायला जास्त लागते, आणि गिऱ्हाईक मात्र खोक्यातून निघालेल्या नव्या वस्तूचे पैसे खुशीनं मोजतं.

“टाकीत पेट्रोल किती हुतं?” हा प्रश्न मला बरीच वर्षं उगाचचा वाटायचा. त्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. टाकी तळाला आली की वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज ओढला जातो, फिल्टर आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, म्हणजे जेट, तुंबतात. गाडी हळू चालवली तर ठीक, वेग घेतला की मिसिंग, म्हणजे मधूनमधून धक्के. दुसरी गोष्ट टाकीच्या झाकणाची. पेट्रोल कमी होईल तशी आत हवा शिरायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही नवा असला तरी ओढू शकत नाही. असं झालं असेल तर झाकण उघडताना ‘स्स’ असा आवाज येतो आणि गाडी लगेच सुरू होते. या परीक्षेला हत्यारच लागत नाही.

अलीकडे पेट्रोलच्या तक्रारींत इथेनॉलची भर पडली. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. कोल्हापूरकरानं याबद्दल तक्रार कुठल्या तोंडानं करायची? आमच्या जिल्ह्यात जिकडं बघावं तिकडं ऊस, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, हंगामात प्रत्येक रस्त्यावर ट्रॉल्या. चुलत्यांचा ऊस ज्या कारखान्याला जातो, त्याचाच अर्क उद्या माझ्या टाकीत यायचा. पण १९८० च्या दशकातल्या रबराला हे नातं कळत नाही. जुन्या नळ्या फुगतात, मऊ पडतात, पंपाचा पडदा आखडतो, आणि टाकीत चिकटून बसलेली घाण सुटून पुढं येते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली की टाकी आणि कार्बोरेटर आतून गंजायला लागतात. शिवाय त्यात मुळातच ऑक्सिजन असतो. जुन्या जेटमधून तेवढंच पेट्रोल आलं तरी मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, आणि इंजिन जास्त तापतं.

हे ओळखायला प्लग काढून बघायचा. आता थोडं अंतर चालवून आणलेल्या चांगल्या इंजिनाचा प्लग कोल्हापुरी गुळाच्या ढेपेच्या रंगाचा निघतो. पांढरा फटक निघाला तर मिश्रण पातळ. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, नाहीतर चोक अर्धवट ओढलेला राहिलाय. ओला, तेलकट काळा निघाला तर खर्चाची तयारी ठेवायची, कारण ऑइल वर येतंय. तेही कुठून येतंय याला परत धूर कधी दिसतो हे बघायचं. उतारावर ॲक्सिलेटर सोडून आल्यावर परत पाय दिला आणि निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हचे गाईड. चढाला जोर लावताना सतत निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा. आमच्या गाडीला मेस्त्रींनी सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा नव्या पेट्रोलला चालणारा बसवला आणि जेट एक नंबर मोठा केला. तेव्हापासून प्लग गुळाचे निघतात.

पावसाळ्याची तक्रार वेगळी. जुलैत कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की तो दिवसदिवस थांबत नाही, आणि गगनबावड्याकडे जायचं तर बोलायलाच नको. सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन मात्र उठत नाही. याला आधी डेल्कोची टोपी काढून कोरड्या फडक्यानं आतून पुसायची, निम्म्या गाड्या तेवढ्यावर चालू होतात. आमची पुसूनही चालू व्हायची ती तीन पायांवर, म्हणजे चारांतल्या तीनच सिलिंडरवर. मेस्त्री म्हणाले, “रात्री या. शटर ओढून बगू.” सात वाजता गेले. त्यांनी गाडी चालू ठेवली, दिवे घालवले, बॉनेट उघडलं आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. अंधारात टोपीच्या बाजूनं निळसर रेघ धावत होती, एका वायरवरून दुसरीवर, मध्येच लोखंडावर. टोपीला केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यात कार्बन बसून करंटला नवी वाट मिळाली होती. दिवसा ती टोपी मी हातात धरून कितीदा तरी पाहिली असेल. दिसण्यासारखी ती चीर नव्हतीच.

सेल्फ घेत नाही म्हणून बॅटरी बदलणारे लोक तर रोज दिसतात. हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवे विझत आले तर बॅटरी उतरलीय किंवा जोड सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प, तर करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मी एक स्वस्तातला मल्टिमीटर घेतलाय आणि त्याचं मला फार कौतुक आहे. बंद गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, चालू गाडीत चौदाच्या आसपास. पण एक हिवाळी बिघाड मीटरशिवायच सापडला. सेल्फ रडत फिरायचा आणि दोनचारदा मारला की चोकची दांडी हाताला चटका बसेल एवढी तापायची. हे ऐकून मेस्त्री हसले आणि गाडीखाली सरकले. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, म्हणून बॉडीशी त्याची विजेची गाठ एका तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं बांधलेली असते. ती पट्टी गंजून तुटली होती. सेल्फला लागणारा सगळा करंट परतीची वाट शोधत चोकच्या बारीक केबलमधून जात होता. नवी पट्टी, दोन बोल्ट, पॉलिश पेपरनं लोखंड घासून उजळ केलं, संपलं.

गाडी तापते, म्हणजे काटा वर जातो, त्याची परीक्षा पन्हाळ्याच्या चढाला होते. आधी साध्या गोष्टी: फॅन बेल्ट सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे भरलेत का, होज पाइप दाबल्यावर लिबलिबीत लागतो का. सपाटीला थंड आणि चढाला गरम होत असेल तर रेडिएटर आतून भरलाय. बोअरचं पाणी ओतत राहिल्याची ती फेड असते. ट्रॅफिकमध्ये गरम आणि हायवेला थंड असेल तर पंख्याकडे बघा. पाणी सारखं कमी होतंय पण खाली थेंब पडत नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा जमलाय, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतेय, असं असेल तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची पत्र्यासारखी चकती, गेलीय. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतोच.

ब्रेकच्या बाबतीत मी प्रयोग करत नाही. पाय दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू खाली जात असेल, किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर चावी मेस्त्रींच्या हातात.

पार्ट मिळत नाहीत ही जुन्या गाडीवाल्यांची कायमची रड कोल्हापुरात तितकीशी खरी नाही. हे ओतकामाचं गाव आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरातल्या गाड्यांचं कास्टिंग जातं. आमच्या गाडीची गिअरची जोडणी ऐन बिंदू चौकात अडकायची. स्टिअरिंगखालच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची रांग असते, तिचे बुश, म्हणजे सांध्यांतल्या छोट्या नळकांड्या, झिजले की दोन गिअर एकदम ओढले जातात आणि दांडा जागचा हलत नाही. बॉनेट उघडून हातानं सळ्या सरळ कराव्या लागतात, मागं केएमटीची बस हॉर्न मारत असते. बुश बाजारात नव्हते. मेस्त्रींनी झिजलेला एक बुश कागदात गुंडाळून दिला आणि पलीकडच्या बोळातल्या लेथवर पाठवलं. टर्नरनं व्हर्निअर लावला, झीज किती धरायची ते मनाशी ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत गनमेटलचे बुश काढून दिले. ते मूळच्यापेक्षा घट्ट बसलेत.

महापुरानंतर मात्र हे सगळं शहाणपण अपुरं पडतं. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर मेस्त्रींच्या दारात गाड्यांची रांग लागली. ज्यांनी घाबरून सेल्फ मारला नव्हता, त्यांच्या गाड्या बऱ्याच वाचल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. प्लग काढायचे, सगळं ऑइल सोडायचं, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं, आणि मग पुढचं. त्या दिवसांत मेस्त्री प्रत्येकाला एवढा एकच प्रश्न विचारत होते: “चावी लावली हुती का?”

दसऱ्याला दसरा चौकात शाही सीमोल्लंघनाला संस्थानची मेबॅक मोटार येते. सगळा गाव गाडीकडे आणि आत बसलेल्यांकडे बघत असतो. आमचे मेस्त्री मान खाली घालून उभे असतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बगून काय कळतंय ताई? ऐकायला लागतंय.”

सध्या आमच्या गाडीला मागून एक घोंगावणारा आवाज येतोय, पन्नासच्या पुढं. मेस्त्रींनी अजून गाडी वर उचललेली नाही. त्यांनी मला रविवारी सकाळी शिरोलीच्या पुढं हायवेला जायला सांगितलंय. पन्नासला नेऊन ॲक्सिलेटर सोडायचा. आवाज बदलला तर डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ओढ वाटणारी गिअरची पेटी. नाही बदलला तर मोकळा रस्ता बघून गाडी हलकीशी डावीकडे, मग उजवीकडे न्यायची; एका बाजूला वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला तर चाकाचं बेअरिंग. “आणि ताई,” मी निघताना ते म्हणाले, “जायच्या आदी डिकीतली स्टेपनी आन् जॅक घरात काढून ठेवा. मागच्या बारीला तेच वाजत हुतं.”